दमयंतीने घाम ओळखला: प्रेमकथेतला खेळाडू

आज प्रेमकथांचा इतिहास. हसू नका, हाही इतिहासच आहे. लढायांच्या तारखा जशा असतात, तशा माणसं कुणाच्या प्रेमात पडायची स्वप्नं बघतात याच्याही तारखा असतात. फक्त त्या कुणी फळ्यावर लिहीत नाही.

सुरुवात आजच्या गोष्टीने करू. इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत गेली काही वर्षं एक लाट आहे. नायक कोण, तर खेळाडू. त्यातही बर्फावर हॉकी खेळणारा. एल केनेडीची 'द डील' २०१५ ची, हॅना ग्रेसची 'आइसब्रेकर' २०२२ ची, आणि त्यांच्या मागून अशा पुस्तकांची रांगच लागली. आता आपल्या यवतमाळात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. आपल्यासाठी बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा. तरी इथे कूलरसमोर बसून मोबाइलवर ही पुस्तकं वाचणाऱ्या पोरी मला माहीत आहेत. हॉकीचे नियम त्यांना ठाऊक नाहीत, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही.

मग खेळाडूच का? सोपं उत्तर असं की, शरीर. पिळदार दंड, रुंद छाती वगैरे. मला हे उत्तर पटत नाही. पिळदार दंड तर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या हमालाचेही असतात. त्याच्यावर कुणी प्रेमकादंबरी लिहिलेली माझ्या बघण्यात नाही. म्हणजे नुसत्या शरीराने काम भागत नाही. मला वाटतं खरी गोष्ट वेगळी आहे. मैदान ही अशी जागा आहे जिथे एका पुरुषाकडे चारचौघांत, उघडपणे, टक लावून बघता येतं. बघणारीला कुणी विचारत नाही, काय बघतेस म्हणून. ती मॅच बघत असते! पण त्यासाठी आधी तिला मैदानापर्यंत येऊ दिलं पाहिजे. ज्या खेळाच्या मैदानात बाईला जागा मिळाली, त्या खेळाचा गडी प्रेमकथेत नायक झाला. जिथे नाही मिळाली, तिथला कितीही मोठा पैलवान असो, प्रेमकथेच्या बाहेरच राहिला. आजच्या भागात एवढंच तपासायचं आहे.

आणि याची सगळ्यात जुनी गोष्ट आपल्याच विदर्भाची आहे.

दमयंती. विदर्भाच्या भीम राजाची मुलगी, राजधानी कुंडिनपूर. परंपरेने हे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर. हीच वर्धा पुढे आपल्या जिल्ह्याच्या कडेकडेने वाहते. महाभारताच्या वनपर्वात ही कथा येते, आणि मराठीत रघुनाथ पंडितांनी सतराव्या शतकात ती आख्यानात आणली. हंसाचा भाग सगळ्यांना माहीत असतो, शाळेच्या पुस्तकातला. माझ्या मते खरी बहार स्वयंवराच्या मंडपात आहे.

झालं असं, की दमयंतीने नलाला मनातून वरलेलं. पण स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देवही आले आणि चौघांनीही नलाचंच रूप घेतलं. समोर पाच नल! सारखेच देखणे, सारखेच रुबाबदार. आता ओळखायचं कसं? ती देवांनाच विनवते, तुमची खरी लक्षणं दाखवा. मग तिला दिसतं: चौघांच्या अंगाला घाम नाही, धूळ नाही, गळ्यातल्या माळा टवटवीत, पापण्या लवत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचव्याला घाम आलाय. अंगावर धूळ आहे. माळ कोमेजली आहे. त्याची सावली पडते. दमयंतीने माळ घातली ती या घामट, धुळकट माणसाला.

थांबा जरा इथे. चार देव नाकारून विदर्भाची पोरगी घाम येणारा माणूस निवडते, आणि हे हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. खेळाडू नायकाचं आकर्षण कशात असतं याचं याहून नेमकं वर्णन मला तरी कुठे सापडलं नाही. देखणे चार होते. दमलेला एकच होता.

आता कथेचा दुसरा भाग, जो आपण बहुतेक विसरतो. नल द्यूतात राज्य हरतो, जंगलात दमयंतीला सोडून जातो. पुढे कर्कोटक नाग त्याला डसतो आणि त्याचं रूप पार जातं. बाहुक नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंतीला शंका येते. ती अयोध्येला निरोप धाडते: दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे, आणि तेही उद्याच. एका दिवसात अयोध्येहून विदर्भात रथ आणणारा माणूस जगात एकच, हे तिला पक्कं माहीत होतं. रथ येतो. घरात बसलेल्या दमयंतीला नुसता त्याचा घडघडाट ऐकू येतो आणि ती ओळखते की लगाम नलाच्या हातात आहे.

म्हणजे बघा, चेहरा गेला, राज्य गेलं, शरीरही विद्रूप झालं. उरलं ते कसब, आणि तिने त्याला कसबावरून ओळखलं. म्हणून म्हणतो, नुसतं शरीर हे उत्तर नाही. (विदर्भाची दुसरी कन्या रुक्मिणी, तीही याच कुंडिनपूरची. तिने ज्याला निरोप पाठवून बोलावून घेतलं, तो कृष्ण मथुरेच्या आखाड्यात चाणूर मल्लाला लोळवून आलेला होता. आमच्याकडच्या पोरींची आवड जुनी आहे, एवढंच.)

पण दमयंती राजकन्या होती. स्वयंवर म्हणजे बघण्याचा आणि निवडण्याचा हक्क, आणि तो राजवाड्यातच होता. साध्या घरातल्या पोरीचं काय?

महाराष्ट्रात खेळ म्हटला की कुस्ती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ ला खासबाग मैदान उभं राहिलं. आपल्याकडे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा सुरू केला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. म्हणजे वऱ्हाडातल्या पोरांचे कसलेले दंड बर्लिनच्या बायकांनी बघितले. गावच्या बायकांनी बघितले का? शंका आहे.

कारण कुस्तीचा आखाडा ही बाईसाठी बंद जागा होती. आत मारुतीची मूर्ती, म्हणजे ब्रह्मचाऱ्याचं राज्य. पैलवानाची पहिली कीर्ती कोणती, तर 'लंगोटाचा सच्चा'. ताकद राखायची तर बाईपासून लांब राहायचं, हा तालमीचा कायदा. जोसेफ ऑल्टर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने बनारसच्या आखाड्यांवर १९९२ मध्ये 'द रेसलर्स बॉडी' हे पुस्तक लिहिलं. त्यातही हेच दिसतं: पैलवानाचा खुराक, झोप, जोर-बैठका, सगळं त्या ब्रह्मचर्याभोवती बांधलेलं. आता सांगा, ज्याची ख्याती प्रेमात न पडण्यावर उभी आहे, त्याला प्रेमकथेचा नायक कसा करणार?

मग मराठी कादंबरीने वाट काढली. कुस्ती सोडली आणि टेनिस धरलं!

ना. सी. फडके. जन्म १८९४, निधन १९७८. मराठी प्रेमकादंबरीचे ते अनेक वर्षं अनभिषिक्त राजे. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या कादंबऱ्या साधारण १९३० च्या आगेमागे आल्या आणि कॉलेजातल्या पोरापोरींनी त्या अक्षरशः फाडून वाचल्या. फडक्यांना स्वतःला खेळांची फार हौस. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं म्हणजे शिकलेली, खाऊनपिऊन सुखी, टेनिस कोर्टावर भेटणारी, अशी त्यांची ओळखच होऊन बसली. टीकाकारांनी त्यावरून त्यांना खूप झोडपलं, की हे खोटं जग आहे. खोटं असेलही. पण एक गोष्ट त्या जगात खरी होती: कॉलेजच्या जिमखान्यावर मुलगी येऊ शकत होती. बसून बघू शकत होती, हातात रॅकेट धरून खेळूही शकत होती. तिथे भेट शक्य होती, म्हणून तिथे कथा शक्य झाली. मला तर वाटतं मराठी प्रेमकथेने टेनिस निवडलं ते खेळासाठी नव्हे, प्रेक्षकांच्या बाकांसाठी.

आता गंमत बघा. फडक्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. याच कॉलेजचा विद्यार्थी खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरचा शेतकऱ्याचा पोरगा, लोकांनी वर्गणी काढून पाठवलेला. कादंबरीला याहून चांगला नायक कुठे मिळणार होता? पण मराठी प्रेमकादंबरीने त्याच्याकडे वळून बघितलं नाही. कॉलेज एकच, जिमखान्यापासून तालमीपर्यंतचं अंतर मात्र तिला ओलांडता आलं नाही.

यात जात होती, वर्गही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. लिहिणारे शहरी, वाचणारे शहरी, आणि पैलवान म्हणजे त्यांच्या लेखी अडाणी, खादाड, डोक्याने जड. विनोदी कथेत त्याला हक्काची जागा होती.

पुढे पॉकेटबुकांचा जमाना आला. चंद्रकांत काकोडकर हे त्यातलं मोठं नाव. राजेश खन्नाचा 'दो रास्ते' त्यांच्याच 'नीलांबरी'वरून निघाला. त्यांची 'श्यामा' १९६२ मध्ये 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून खटला झाला, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये कोर्टाने ती अश्लील नाही असा निकाल दिला. इतकी गाजलेली ही प्रेमकथा. तिचा नायक कोण? कवी! घरपोच वाचनालयांतून फिरणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्यांतही, ज्या माझ्या हाती आल्या त्यांत, डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत. घाम येणारं कुणी नाही. दमयंतीने नाकारलेले ते चार देवच जणू कपडे बदलून परत आले.

इंग्रजीत याच काळात उलटं चाललं होतं. जॉर्जेट हेयरच्या कादंबऱ्यांत, उदाहरणार्थ १९४० च्या 'द कॉरिंथियन'मध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडचे उमराव आहेत. मुष्टियुद्ध शिकणारे, घोडागाडी वाऱ्यासारखी हाकणारे. तिथे खेळ हे उमरावपणाचंच लक्षण होतं, त्यामुळे लेखिकेला अडचण आली नाही. आणि चार घोडे हाकण्याच्या कसबावर नायिका भाळते, हे आपल्याला नवीन थोडंच आहे?

मराठीत पैलवान प्रेमाजवळ आला तो उशिरा, आणि आला तेव्हा त्याला किंमत मोजावी लागली. आनंद यादवांच्या 'नटरंग'चा गुणा आठवा. २०१० चा रवी जाधवांचा सिनेमा तुम्ही बघितला असेल. अतुल कुलकर्णीने त्यासाठी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. पिळदार अंगाचा, मिशीचा गडी. तमाशाच्या वेडापायी त्याला नाच्या व्हावं लागतं, आणि त्या घटकेपासून त्याचं शरीर, त्याची इज्जत, घर, सगळं हातातून सुटतं. पैलवानी देह आणि नाचगाणं एका माणसात बसू शकत नाही, असं गाव त्याला बजावतं. फार क्रूरपणे बजावतं.

मग २०१६ साल आलं. मला हे वर्ष फार महत्त्वाचं वाटतं. एप्रिलमध्ये 'सैराट', ऑक्टोबरमध्ये झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला'. एकाच वर्षात दोन खेळाडू नायक, आणि दोघंही गावचे.

'सैराट' सुरूच होतो क्रिकेटच्या सामन्यावर. गावची स्पर्धा, मंडप, भोंग्यावर कॉमेंट्री. पार्श्या हा भरवशाचा बॅट्समन. पारधी घरातला पोरगा, पण मैदानात त्याची जात विचारली जात नाही, रन विचारतात. निदान ओव्हर संपेपर्यंत. आकाश ठोसर स्वतः खरा पैलवान! म्हणजे सिनेमाने पैलवान उचलला, त्याचं वजन उतरवलं आणि हातात बॅट दिली. माझ्या सिद्धांताला यापेक्षा चांगला पुरावा कोण देणार? पण खरा बदल आर्चीत आहे. ती बघते. मान वर करून, डोळ्याला डोळा भिडवून बघते, आणि निवडते. शेवट तुम्हाला माहीत आहे. मैदानातल्या पोराकडे बघायला गाव परवानगी देतं. त्याला निवडायला देत नाही. या दोन परवानग्यांमधलं अंतर किती जीवघेणं आहे, ते नागराज मंजुळेंनी जवळपास तीन तासांत दाखवलं.

आणि राणादा. कोल्हापूरकडचा पैलवान, शेतकरी, शिक्षण बेताचं, बायकांसमोर मान खाली. समोर शिकलेली अंजली, पाठकबाई. इथे बघा मालिकेने काय हुशारी केली. लंगोटाचा जो कायदा पैलवानाला प्रेमकथेच्या बाहेर ठेवत होता, तोच त्याचा सगळ्यात मोठा गुण करून टाकला. एवढी ताकद असलेला माणूस आवाज चढवत नाही. हात उगारत नाही. बाईला हो म्हणायला वेळ देतो. ज्या घरांत पुरुषाच्या ताकदीची भीती वाटते, तिथल्या बाईला हे बघायला का आवडलं असेल, ते मी सांगायला नको. आणि आखाडा आता टीव्हीच्या वाटेने सैपाकघराच्या दारात आला होता. बघायला कुणाची परवानगी लागत नव्हती. हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी पुढे २०२२ मध्ये खरोखरच लग्न केलं, तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंना घरचंच कार्य असल्यासारखा आनंद झाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू.

आपल्याकडचा रांगडा खेळ शंकरपट. हलकी गाडी, बैलांची जोडी, सेकंदांच्या हिशोबावर हार-जीत. जवळच तळेगाव दशासरचा पट तर प्रसिद्धच. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. बैलांना इजा होते हा आक्षेप खरा होता आणि अटी पाळल्याच पाहिजेत. पण माझा मुद्दा इतकाच, की नल हा शेवटी हाकणाराच होता. वाऱ्याच्या वेगाची जोडी हाकणारा धुरकरी आजही आपल्या गावात आहे. त्याच्यावर मराठीत एक प्रेमकादंबरी असावी, असं मला मनापासून वाटतं.

शहरी खेळाचा हिरो म्हणाल, तर यवतमाळचा आकाश चिकटे. २०१७ चा आशिया कप जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात तो गोलरक्षक होता. इथेही आमचं नशीब बघा: साऱ्या संघात ज्याचं तोंड हेल्मेटमध्ये झाकलेलं असतं, नेमका तो खेळाडू यवतमाळचा!

पण जिल्ह्याचा खरा खेळाडू तुम्हाला पहाटे रस्त्यावर दिसेल. दारव्हा रोड असो, वणी असो, पुसद असो. भरतीचे पोट्टे. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, पायात जुने बूट. ही धाव खेळासाठी नाही, हे त्यांनाही माहीत आहे. कापसाच्या भरवशावर राहणाऱ्या पोराला आज लग्नाला मुलगी मिळत नाही. पोरगी देणारा बाप आधी नोकरी विचारतो. म्हणजे ते १६०० मीटर किती मिनिटांत कापले, यावर त्या पोराचं लग्न ठरणार असतं. स्वयंवराचा पण याहून वेगळा काय असतो? फरक एवढाच, की इथे माळ घेऊन उभी ती मुलगी नाही. तिचा बाप आहे.

आणि त्याच रस्त्यावर पोरीही धावतात. ही गोष्ट फडक्यांच्या काळात नव्हती, लंगोटाच्या कायद्यात तर नव्हतीच. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, हिशोब तुम्हीच करा. जी बाकावर बसून बघायची ती आता मातीत उतरली आहे, म्हणजे बघणारा कोण आणि दिसणारा कोण, हे उलटंपालटं झालंय. प्रेमकथेने याची नोंद अजून नीट घेतलेली नाही. प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीत रोज नव्या प्रेमकथा येतात. मी चाळतो तेव्हा नायक बहुतेक कंपनीचा मालक असतो, एसीत बसणारा, घाम न येणारा. नायिका क्वचितच धावते, आणि धावली तरी बस पकडायला.

तर तुमच्यापैकी जे लिहितात त्यांना एक काम देतो. पहाटे साडेपाच, यवतमाळचं नेहरू स्टेडियम, ८०० मीटरचा शेवटचा फेरा, आणि ती पुढे आहे. तो कुठे उभा आहे, काय करतो, ते तुम्ही ठरवा. लिहून पाठवा, चांगली असली तर पुढच्या भागात वाचून दाखवतो. फक्त दोघांनाही घाम येऊ द्या.